धंद्यात पुढं कोण, मागं कोण आणि गल्ला कुणाचा

बिनगिअरची स्कूटर भारतात कुणी रुळवली असं आज कॉलेजच्या पोरांना विचारलंत तर बहुतेक जण ॲक्टिव्हाचं नाव घेतील. ॲक्टिव्हा आली २००१ ला. त्याच्या कितीतरी आधी, १९८४ साली, आपल्या पुण्याच्या कायनेटिकनं होंडाबरोबर भागीदारी केली आणि ऐंशीच्या दशकातच कायनेटिक होंडा रस्त्यावर आणली. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबलं की गाडी चालू. बाकीचं गाव तेव्हा सकाळी स्कूटर एका बाजूला आडवी करायचं, मग सरळ करून किक मारत बसायचं, तरी नाही झाली चालू तर प्लग काढून पुसायचा आणि हात काळे करून ऑफिसला जायचं. अशा काळात बटणावर चालू होणारी गाडी म्हणजे काय चीज असेल विचार करा. साडी नेसून बायका स्वतः स्कूटर चालवत लक्ष्मी रोडला जायला लागल्या त्यात ह्या गाडीचा मोठा वाटा आहे.

आणि पुढं काय झालं? १९९८ ला भागीदारी संपली. होंडा स्वतः एकटी उतरली आणि तिनं ॲक्टिव्हा आणली. २००८ ला कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. गिऱ्हाइकाला बिनगिअरची सवय लावली एकानं, आणि त्या सवयीचं पीक कापलं दुसऱ्यानं.

हे असं का होतं आणि आपण धंदा करताना पुढं पळायचं की कुणाच्यातरी मागं राहायचं, हे जरा नीट उलगडून बघू. कारण आपल्याकडं भाषणात काय सांगतात, तर लीडर बना, फॉलोअर बनू नका. ऐकायला भारी वाटतं. पण हे सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः दुकान चालवलंय देव जाणे.

पहिला घोळ तर हा आहे की लीडर म्हणताना आपण तीन वेगळ्या माणसांना एकाच पोत्यात भरतो. सगळ्यात आधी आला तो एक. आज सगळ्यात जास्त माल विकतो तो दुसरा. आणि ज्याच्याकडं बघून बाकीचे आपले दर ठरवतात तो तिसरा. हे तिघं एकच असतील असं अजिबात नाही. कायनेटिक पहिली होती पण मोठी राहिली नाही. तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण रोज सकाळी दाराला लटकलेल्या पिशवीत असतं. जून २०२४ मध्ये अमूलनं दूध लिटरमागं २ रुपयांनी वाढवलं, लगेच मदर डेअरीनंही वाढवलं. मोठा आधी हलतो, बाकीचे त्याच्या मागून हलतात, कारण छोट्यानं आधी दर वाढवला आणि मोठ्यानं नाहीच वाढवला तर छोट्याचं गिऱ्हाईक पळालं. अर्थशास्त्रात ह्याला प्राइस लीडरशिप म्हणतात. इथं मागं राहणं म्हणजे घाबरटपणा नाही, साधा शहाणपणा आहे.

आता पहिलं येण्याचे फायदे नाहीतच असं मी म्हणत नाही. भरपूर आहेत. तुमचं नावच त्या वस्तूचं नाव होऊन बसतं, आपण आजही कुठल्याही मशिनवर झेरॉक्सच काढतो आणि कुठल्याही वनस्पती तुपाला डालडाच म्हणतो. मोक्याची जागा तुम्हाला मिळते, चांगले सप्लायर तुमच्याशी आधी बांधले जातात, कारागीर तुमच्याकडं शिकून तयार होतात. आणि काही धंदे असे असतात की गिऱ्हाईक एकदा आलं की त्याला सोडून जाणंच महाग पडतं. बघा ना, एखाद्या कारखान्यानं दहा वर्षं एकाच अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये हिशेब लिहिलेत, आता दुसरं कितीही चांगलं आलं तरी तिथला अकाउंटंट म्हणणार, साहेब राहू द्या, मार्च तोंडावर आलाय.

पण मग हे सगळं खरं असून पहिले आलेले बुडतात का? तर ह्यावर एक अभ्यास आहे, तो धंदा करणाऱ्या प्रत्येकानं ऐकावा असा आहे. १९९३ साली पीटर गोल्डर आणि जेरार्ड टेलिस ह्या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ५० प्रकारच्या वस्तूंचा इतिहास खणला. त्यांच्या आधीचे लोक काय करायचे, तर आज बाजारात असलेल्या कंपन्यांना विचारायचे की बाबा तुम्ही पहिले का? आता जी कंपनी जिवंत आहे आणि मोठी आहे ती म्हणणारच की आम्हीच पहिले, आणि जी मेली तिला विचारायला कुणी जात नाही. त्यामुळं आकडे यायचे की पहिला येणाराच जिंकतो. ह्या दोघांनी जुनी मासिकं, वर्तमानपत्रं काढून त्या त्या काळात खरंच पहिलं कोण होतं ते शोधलं. तर निघालं असं की खऱ्या पहिल्यांपैकी जवळजवळ निम्मे, ४७ टक्के, साफ बुडाले होते. पहिल्यांचा बाजारातला सरासरी वाटा होता १० टक्के. आणि पुढं ज्यांनी बाजार मारला ते पहिल्याच्या नंतर सरासरी १३ वर्षांनी आले होते. तेरा वर्षं! म्हणजे उशीर झाला उशीर झाला म्हणून आपण जो जीव टाकतो तो बऱ्याचदा उगाच असतो.

ज्यांनी पावसाळ्यानंतर अगदी पहाटे सिंहगड चढलाय त्यांना कारण लगेच कळेल. जो सगळ्यात पुढं असतो त्याच्या तोंडावर कोळ्यांची जाळी चिकटत जातात, मागच्यांना साफ वाट मिळते आणि वर पोचल्यावर पिठलं भाकरी सगळ्यांना सारखीच.

धंद्यातली ही जाळी म्हणजे नेमकं काय ते सांगतो. पहिलं म्हणजे गिऱ्हाइकाला शिकवण्याचा खर्च. नवीन वस्तू असेल तर ती काय आहे, कशाला हवी, बिघडली तर कोण दुरुस्त करणार, हे सगळं सांगण्यात तुमचे पैसे आणि वर्षं जातात, आणि शिकलेलं गिऱ्हाईक काही तुमच्याशी लग्न केलेलं नसतं. दुसरं म्हणजे वस्तूचं रूपच अजून ठरलेलं नसतं. कायनेटिक होंडा टू-स्ट्रोक होती, म्हणजे जुन्या पद्धतीचं इंजिन, पेट्रोल जास्त प्यायची आणि धूरही जास्त सोडायची. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टू-स्ट्रोकचे दिवस भरले. ॲक्टिव्हा थेट फोर-स्ट्रोक घेऊनच आली. उशिरा येणाऱ्याला हा फायदा असतो, जुन्या इंजिनात, जुन्या साच्यात त्याचे पैसे अडकलेले नसतात.

आणि तिसरं, जे लोक हमखास विसरतात, ते म्हणजे वस्तू बनवणं वेगळं आणि ती विकायला, दुरुस्त करायला लागणारी सगळी फौज वेगळी. ह्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण सीटी स्कॅनचं आहे. सीटी स्कॅन मशिन बाजारात आणलं इंग्लंडच्या ईएमआयनं, म्हणजे गाण्याच्या रेकॉर्ड काढणारी तीच ईएमआय. त्यांच्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड नावाच्या इंजिनिअरनं ते बनवलं, १९७१ ला पहिल्या पेशंटच्या डोक्याचा फोटो निघाला, १९७९ ला त्याला नोबेलही मिळालं. मशिन अफलातून होतं, पेटंट हातात होती. पण हॉस्पिटलला मशिन विकायचं, डॉक्टरांना शिकवायचं, रात्री दोनला बंद पडलं तर माणूस पाठवायचा, ह्यातलं ईएमआयकडं काय होतं? जवळपास काहीच नाही. जनरल इलेक्ट्रिककडं मात्र एक्स-रे मशिन विकणारी यंत्रणा आधीपासून हॉस्पिटलात बसलेली होती. त्यांनी मागून येऊन बाजार घेतला आणि काही वर्षांत ईएमआय त्या धंद्यातून बाहेर. नोबेल घरात आलं आणि धंदा दाराबाहेर गेला.

आता जरा गणिताकडं वळू, घाबरू नका, पाचवीचं गणित आहे. जर्मनीच्या हाइनरिश फोन स्टॅकेलबर्ग ह्या अर्थशास्त्रज्ञानं १९३४ मध्ये पुढं-मागं असण्याचा हिशेब मांडला होता आणि तो आपल्या कर्वेनगरातल्या पीजींना जसाच्या तसा लावता येतो. समजा एका भागात मुलींसाठी पीजी काढायचेत आणि दोनच बिल्डिंगवाले मैदानात आहेत. समजा बेड कमी असतील तर एका बेडमागं खर्च जाऊन महिन्याला १०,००० पर्यंत सुटू शकतात, पण दर एका जादा बेडनं ते १० रुपयांनी कमी होत जातात. म्हणजे भागात एकूण १,००० बेड झाले की सुटणारे पैसे शून्य. (आकडे मी सोयीसाठी धरलेत, खरे शोधायला जाऊ नका.)

दोघांनी एकमेकांचं काही माहीत नसताना एकाच वेळी ठरवलं, तर हिशेबानं प्रत्येकजण साधारण ३३३ बेड टाकतो आणि महिन्याला सुमारे ११ लाख कमावतो. पण पाटलांनी आधीच पायाभरणी करून ५०० बेडची बिल्डिंग उभी केली तर? आता मागून येणाऱ्या शहांना बघावं लागतं की आपण अजून ५०० टाकले तर भाव शून्यावर येणार, दोघंही मेलो. म्हणून ते गपगुमान २५० टाकतात. एकूण ७५० बेड, बेडमागं २,५०० सुटतात. पाटलांना साडेबारा लाख, शहांना सव्वासहा. म्हणजे इथं पहिला जिंकला, आणि दुप्पट जिंकला.

पण तो जिंकला कशामुळं? हुशार होता म्हणून नाही. त्यानं असं काहीतरी केलं जे सगळ्यांना दिसत होतं आणि जे मागं घेता येणार नव्हतं. सिमेंट ओतलं होतं. नुसतं पाटलांनी चहाच्या टपरीवर सांगितलं असतं की मी ५०० बेड टाकणारे, तर शहा हसले असते.

आता दुसरा खेळ बघा. दोन्ही बिल्डिंगा उभ्या आहेत आणि जूनमध्ये ॲडमिशन सुरू व्हायच्या आधी भाड्याचा बोर्ड लावायचाय. पाटलांनी आधी बोर्ड लावला, नऊ हजार. शहांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि साडेआठचा बोर्ड लावला. झालं. इथं मागचा जिंकला. का, तर बोर्डावरचा आकडा समोरच्याला वाचता येतो आणि त्याच्याखाली जाणं सोपं असतं. म्हणजे जिथं जागा अडवायचीय, क्षमता उभारायचीय तिथं पुढं असणाऱ्याचा फायदा, आणि जिथं नुसता दर सांगायचाय तिथं मागं राहणाऱ्याचा. लीडर चांगला की फॉलोअर ह्या भांडणाचं निम्मं उत्तर इथंच मिळतं, की तुम्ही कुठल्या गोष्टीत पुढं जाताय ते आधी सांगा. बिझनेसच्या व्याख्यानात हे कुणी बोलत का नाही ह्याचं मला नेहमी नवल वाटतं.

बरं, आता जो खरंच पुढं आहे आणि मोठाही आहे त्याचं काय. त्याचं दुखणं वेगळं असतं, आणि ते बघायला बजाजच्या आकुर्डीला जावं लागेल.

बजाजनं सुरुवात केली ती फॉलोअर म्हणूनच, इटलीच्या पियाजिओकडून लायसन्स घेऊन व्हेस्पा बनवायचे. १९७१ ला ते लायसन्स संपलं आणि १९७२ ला चेतक आली. मग लायसन्स राजच्या जमान्यात, म्हणजे सरकारी परवान्याशिवाय कारखाना वाढवता येत नव्हता तेव्हा, स्कूटरचं बुकिंग करून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, लग्नात जावयाला चेतक देणं म्हणजे शान होती, आणि काळ्या बाजारात बुकिंग विकलं जायचं. इतकी मागणी असताना कंपनीनं बदलायचं तरी कशाला? तोपर्यंत १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक, पेट्रोल नुसतं हुंगून चालणारी. सुरुवातीला स्कूटरवाल्या घरांना ती कुठं आवडणार, स्टेपनी नाही, पुढं पोराला उभं करायला जागा नाही, भाजीची पिशवी कुठं अडकवायची. पण गाव मोटरसायकलकडं सरकत गेलं आणि २००१ ला हिरो होंडा दुचाकीत सगळ्यात मोठी झाली.

मोठ्या लीडरचा सापळा हाच असतो. जे आज चाललंय त्यातूनच पगार निघतायत, डीलर त्यावर जगतायत, कारखान्याच्या लाइन त्यासाठी लावल्यात. नवीन वस्तू आणायची म्हणजे स्वतःच्याच चालत्या मालाच्या पोटावर पाय द्यायचा. मागच्याला हा प्रश्नच नसतो, त्याच्याकडं गमवायला काही नसतं.

पण गोष्ट इथं संपत नाही, इथून मजा सुरू होते. १९९९ ला हिरो होंडानं सीबीझेड आणली, दीडशे सीसीच्या आसपासची, तरण्या पोरांसाठी. भारतात चांगल्या मायलेजच्या जमान्यात ताकदवान गाडी खपते का हा प्रश्न हिरो होंडानं स्वतःच्या पैशानं सोडवून दिला. खपते असं दिसल्यावर २००१ च्या शेवटी बजाजनं पल्सर काढली, किंमत कमी ठेवली, दीडशे आणि एकशे ऐंशी असे दोन पर्याय दिले, आणि तो सगळा वर्गच खिशात घातला. एफसीच्या, म्हणजे फर्ग्युसन कॉलेजच्या कट्ट्यावर तेव्हा जे होते त्यांना विचारा. म्हणजे स्कूटरमधली लीडर मोटरसायकलमध्ये फॉलोअर झाली आणि फॉलोअर राहूनच परत उभी राहिली. स्कूटर तर त्यांनी २००९-१० च्या सुमारास बंदच केली.

आणि मग जानेवारी २०२० मध्ये चेतक हे नाव इलेक्ट्रिक होऊन परत आलं, आधी फक्त पुणे आणि बंगळुरूत. एथर त्यांच्या आधी, २०१८ पासून रस्त्यावर होती. ओला २०२१ ला आली आणि काही काळ सगळ्यांच्या पुढं पळाली. २०२५ मध्ये मात्र टीव्हीएस आणि बजाज पुढं गेल्या. ह्या दोघांकडं गावोगावचे डीलर, मेकॅनिक, स्पेअर पार्टची साखळी सगळं आधीपासून होतं, वर सांगितलेली सीटी स्कॅनवाली फौज ती हीच. अर्थात ही शर्यत अजून चालू आहे, पुढच्या वर्षी कोण पुढं असेल ह्यावर मी चहासुद्धा लावणार नाही.

फॉलोअर म्हणजे दुय्यम असं ज्यांना वाटतं त्यांनी हडपसरचं सीरम इन्स्टिट्यूट बघावं. १९६६ साली सायरस पूनावालांनी सुरू केलं. घराण्याचा घोड्यांचा स्टड फार्म होता, आणि धनुर्वाताचं सीरम घोड्यांच्या रक्तातून काढतात, तिथून ही कल्पना. त्यांनी बनवलेल्या बहुतेक लशींचा मूळ शोध दुसऱ्यांनी लावलेला होता. गोवर, डीटीपी (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला ह्यांची एकत्र लस) वगैरे जगात आधीच होत्या. सीरमनं काय केलं, तर त्याच लशी प्रचंड प्रमाणात, जागतिक आरोग्य संघटनेला मान्य होतील अशा दर्जाच्या आणि गरीब देशांना परवडतील अशा दरात बनवल्या. आज डोसच्या संख्येनं ती जगातली सगळ्यात मोठी लस कंपनी आहे. कोविशील्डसुद्धा ऑक्सफर्ड आणि ॲस्ट्राझेनेकाची, बनवली पुण्याजवळच्या मांजरी गावात. आणि मागं राहून हात इतका बसला की आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी जेव्हा ५० सेंटच्या आत लस हवी होती तेव्हा ते काम सीरमकडं आलं आणि २०१० मध्ये ती लस आफ्रिकेत टोचायला सुरुवातही झाली. स्वस्तात आणि चोख बनवणं हाच ज्याचा शोध आहे त्याला कॉपी म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

यूपीआयचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलंय. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना मोबाइलनं पैसे घ्यायला शिकवलं पेटीएमनं, नोटबंदीत तर पेटीएम करो हे वाक्यच झालं होतं. पण ते वॉलेट होतं, आधी त्यात पैसे भरा, मग खर्च करा. २०१६ ला यूपीआय आलं, पैसे थेट बँकेतून बँकेत. फोनपे त्यावर पहिल्याच वर्षी चढलं, गूगल २०१७ ला, पेटीएम यूपीआयवर यायला २०१७ चा शेवट उजाडला कारण स्वतःचं वॉलेट चालू होतं ना, परत तेच पोटावर पाय देण्याचं दुखणं. त्यात यूपीआयचा नियम असा की एकाचा क्यूआर सगळ्यांच्या ॲपवर चालतो. म्हणजे पेटीएमनं लावलेल्या स्टिकरवर लोक फोनपेनं पैसे द्यायला लागले. गिऱ्हाइकाला सोडून जायला काहीच खर्च नसेल तर पहिलं येऊन तुम्ही फक्त रस्ता बांधता, टोल दुसराच घेतो.

आता आपल्यासारख्यांचं. कारण तुम्ही आम्ही काही लस बनवणार नाही की स्कूटर.

माझा एक भाचा आहे, शिरूरकडचा. मध्यंतरी आला आणि म्हणाला, "मामा, चहाची फ्रँचायझी घेतोय, सिंहगड रोडला. सगळे कमावतायत." मी म्हटलं, "सगळे म्हणजे कोण रे?" तर त्यानं तीन नावं घेतली, तिन्ही त्या रस्त्यावर सगळ्यात आधी आलेली दुकानं. मग आम्ही कागद घेऊन बसलो. समजा एका कपामागं दूध, साखर, पावडर, गॅस जाऊन ५ रुपये सुटतात. जागेचं भाडं ४० हजार, दोन पोरांचे १५-१५ हजार, लाइट आणि किरकोळ ५ हजार. झाले ७५ हजार. म्हणजे नुसता खर्च भागवायला महिन्याला १५,००० कप, दिवसाला ५००. फ्रँचायझीचे भरलेले पैसे आणि त्याचा स्वतःचा पगार त्यात धरलेलाच नाही. आता त्या तुकड्यात दिवसाला समजा १,२०० कप चहा खपतो. दोन दुकानं असतील तर दोघंही बऱ्यापैकी जगतील. पण तिथं पाच आधीच आहेत, हा सहावा. बाराशे भागिले सहा, दोनशे.

"पण मामा आपला चहा चांगला असेल ना."

"अरे प्रत्येकाचा चांगलाच असतो, फ्रँचायझी आहे, पावडर एकाच गोडाऊनमधून येणारे."

तर फॉलो करण्यातली खरी चूक ही असते की लोक दिसणाऱ्या गोष्टी उचलतात. बोर्डाचा रंग, कुल्हड, तांब्याचं भांडं, मेनूचा बोर्ड. पहिल्या दुकानदाराला जे जमलं ते बोर्डामुळं नाही. त्यानं जागा तेव्हा घेतली जेव्हा भाडं निम्मं होतं. दूधवाला त्याला आठवड्याची उधारी देतो. समोर क्लास आहे, दर तासाला पन्नास पोरं बाहेर पडतात आणि पाच मिनिटांत परत आत जातात, त्यामुळं त्यानं माणसं आणि पातेली त्या घड्याळाला लावून घेतलीत. हे बाहेर उभं राहून दिसत नाही आणि फ्रँचायझीच्या करारात लिहिलेलं नसतं. बजाजनं सीबीझेडची कॉपी नाही केली हे लक्षात घ्या, सीबीझेडनं सिद्ध केलेली मागणी उचलली आणि गाडी स्वतःची बनवली.

मग छोट्या माणसानं पुढं कधी व्हावं? मला विचाराल तर तीनच ठिकाणी. जिथं गिऱ्हाइकाला शिकवायचा खर्च फारसा नाही, म्हणजे त्याला आधीच गरज कळलेली आहे आणि फक्त देणारा नाही. किंवा जिथं तुम्ही अशी एखादी गोष्ट अडवू शकता जी दुसऱ्याला मिळणार नाही, जागा, सप्लायर, एखादा कसबी कारागीर. नाहीतर जिथं बाजार इतका बारका आहे की मोठ्याला त्यात वाकून बघायचीही फुरसत नाही. भोसरीच्या गाळ्यांमध्ये असे कितीतरी लोक आहेत, एकच कसलासा वॉशर किंवा एकच गेज बनवतात, बाहेर बोर्डपण धड नसतो, आणि चाकणच्या मोठ्या कंपन्या त्यांच्यावाचून अडतात. त्यांना कुणी लीडर म्हणून स्टेजवर बोलावत नाही, पण आपल्या वीतभर बाजारात ते राजे आहेत.

बाकी सगळीकडं मागं राहा, पण डोळे उघडे ठेवून. पहिल्याचं दुकान कुठल्या वेळी रिकामं असतं ते बघा. त्याचं गिऱ्हाईक कशावर कुरकुरतं ते ऐका, गूगलवरचे एक स्टारवाले रिव्ह्यू वाचा, त्यात फुकटात मार्केट रिसर्च पडलेला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरे आहात की सहावे ते मोजा, कारण दुसऱ्याला वाट साफ मिळते आणि सहाव्याला गर्दी.

भाच्यानं फ्रँचायझी नाही घेतली. त्याच्या घरच्या चार म्हशी आणि गावातल्या ओळखीच्या गोठ्यांचं दूध होतंच, तर आता तो त्याच रस्त्यावरच्या चहावाल्यांना पहाटे दूध घालतो. कुठल्या दुकानाचं दूध चाळीस लिटरवरून पंचवीसवर आलंय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि कळलं की त्या दुकानाची उधारी तो दुसऱ्या दिवसापासून बंद करतो.